मोजदाद

रीगात आज उणे चौदा.
अकरा नंबरच्या ट्राममधून उतरले तेव्हा
पापण्यांवर बर्फाची कणी होती.
हत्तीखान्याच्या मागे, झाडू ठेवतात त्या खोलीशेजारी
माझी खोली. आत बावीस अंश, भिंतींना घाम.
चष्म्यावर वाफ धरते.
दोन मिनिटं मी आंधळी उभी राहते.
प्रार्थना म्हणा हवं तर.

मग पेट्या. नऊ.
झाकणांना आतून चिकटलेल्या गोगलगायी,
नखाएवढ्या,
पृथ्वीच्या पार दुसऱ्या टोकाच्या बेटावरच्या,
जिथे आता त्या नाहीत.

कशा नाहीत, तेही सांगते.
कुणाला खायला मोठ्या गोगलगायी हव्या होत्या, आणल्या.
त्या शेतांत घुसल्या.
त्यांना खायला मग तिसरी जात आणली, शिकारी.
तिने मोठ्यांना हात लावला नाही,
या धाकट्या चाटूनपुसून खाल्ल्या.
दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला.
पखाल मेली.

मी त्यांना मोजते.
मऊ कुंचल्याने एकेक उचलायची,
ओल्या कागदावर ठेवायची.
जिवंत, मेलेली, नवी. तीन रकाने.
ओटचं पीठ, खडूची पूड, वाळल्या पाल्याचा चुरा.
आइनार्स म्हणतो, वेल्गा, सिंहांकडे बदली माग,
सिंह निदान ओळख तरी देतात.
त्याच्या दंडावर ती ओळख आहे. सात टाक्यांची.

सहलीतला एक मुलगा काचेला नाक लावून उभा राहिला.
या काय करतात?
काही नाही.
कधीच?
रात्री थोडं.
गेला. परत आला. म्हणाला, आत्ता एक हलली.
बाईंनी त्याला ओढत जिराफाकडे नेलं.

गोगलगाय आणि पोटात पाय, असं म्हणतात
वरून गरीब, आतून बेरकी माणसांना.
म्हणोत.
माझ्या गोगलगायीच्या पोटात अख्खं घर असतं:
ती अंडी घालत नाही, बाळ घालते,
एका वेळी एक,
राईएवढं, शंखासकट.

त्या वर्षी पेटी सातमध्ये
दिवाळखोराच्या खात्यासारखा आकडा उतरत गेला.
अकरा. चार. का, ते कुणालाच कळलं नाही.
पीठ बदललं, कागद बदलला,
मी हात धुवायचा साबणसुद्धा बदलला.
मग एक.
'एक' लिहिताना पेन्सिलीला टोक करून घेतलं.
आख्खी जात त्या उभ्या रेघेत.

त्याच आठवड्यात बर्फाने फांदी तारांवर पाडली.
जनरेटर पाणघोड्यांना पुरला, आम्हाला नाही.
आठ पेट्या आइनार्सने त्यांच्या उबेला नेऊन मांडल्या.
सातवी मी कोटाच्या आत घेतली.
खुर्चीत पहाटेपर्यंत.
हलले नाही, शिंकसुद्धा गिळली.
आइनार्स एकदा डोकावला,
काहीतरी बोलणार होता, दार लोटून गेला.

सकाळी झाकण उघडलं.
मेली होती. शंखाच्या तोंडाशी सुकलेला फेस.
आणि कागदाच्या घडीत
राईचा एक दाणा.
दाण्याला दोन शिंगं.

मेलेली: एक. नवी: एक.
शिल्लक: एक.

तिच्या खापरपणत्या मागच्या वर्षी बेटावर गेल्या,
जेवणाच्या डब्यात, ओल्या कागदात,
प्रत्येकीच्या शंखावर मी लावलेला रंगाचा ठिपका.
मला कुणी बोलावलं नाही. ऊनही मला सोसत नाही म्हणा.

आज तिथल्या वाइमितीचा फोटो आलाय.
एक पान. त्यावर ओलसर रेघ, बस.
खाली लिहिलंय:
काल रात्री एक दिसली. ठिपका नव्हता.

मी वही उघडून बसले.
नवी, हो. पण कुठल्या पेटीची?
पेन्सिल कानावर ठेवली.
ती कुठल्याच पेटीची नाही.

चष्मा पुसला.
पेटी आठचं झाकण उचललं.